पूर्ण गाडी रंगवू नकोस

धुळे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेले फोटो रात्री मोठे करून नीट पाहिले. बोनेटवर पांढुरके गोल डाग, टपावर कोरल्यासारख्या खुणा, डिकीच्या कडेला केळीच्या चिकाचे तपकिरी ओघळ. गॅरेजवाला म्हणाला, "पूर्ण गाडीच रंगवून घ्या," आणि तू ॲडव्हान्स द्यायला निघालास, म्हणून तातडीने लिहितोय. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं. हे पत्र तू गाडीजवळ उभा राहून वाच. आणि तोवर कुणाला पैसे देऊ नकोस.

कंपनीचा रंग भट्टीत साधारण 140 अंशांवर भाजून पक्का केलेला असतो. त्या वेळी गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. सीट, वायरिंग, काचेचं रबर काहीच बसवलेलं नसतं. तयार गाडीला तेवढी आच देता येत नाही. चांगल्या पेंट बूथमध्येही काम 60 अंशांच्या आसपास होतं. आपल्याकडे तर बरंचसं काम उघड्या शेडमध्येच चालतं, आणि उन्हाळ्यातली खान्देशातली धूळ ओल्या रंगावर बसल्याशिवाय राहत नाही. एकदा घासून काढलेला कंपनीचा रंग पुन्हा मिळत नाही. उद्या गाडी विकायला काढलीस, तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न हाच विचारेल.

रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. मेस्त्री त्याला क्लियर म्हणतात, कुणी लॅकर. जाडी जेमतेम 40-50 मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. चकाकी त्याचीच, आणि ऊन झेलतो तोही तोच. रबिंग मारलं, म्हणजे पॉलिशची पेस्ट लावून घासलं, की हाच थर थोडा झिजतो, म्हणून तो जपून वापरायचा. डाग या थरावर बसलाय, थरात शिरलाय की थर फोडून खाली गेलाय, एवढंच आधी शोधायचं.

भल्या सकाळी, पत्रा गार असताना, सावलीत गाडी धू. शाम्पू गाडीचाच घे. कपड्यांच्या पावडरीने होतं नव्हतं ते वॅक्सही निघून जातं. आधी भरपूर पाणी मारून धूळ उतरव. रोज सकाळी कोरडं फडकं मारायची आपल्याकडची सवय मात्र आता सोडच. धुळीतले बारीक कण क्लियर खरवडतात; उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात, ते त्याचेच.

धुऊन झाल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाल आणि बोनेटवरून हळू फिरव. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल. तू गाडी रोज रावेर स्टेशनाबाहेर लावून भुसावळला जातोस. रूळ आणि ब्रेक घासून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुतून गंजतात, आणि नारिंगी ठिपके दिसतात. त्यावर आयर्न रिमूव्हर फवारलास की ते जांभळं होऊन ओघळतं. वाळायच्या आत धुऊन टाक. उरलेलं क्ले बारने, म्हणजे रंगातली घाण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने काढायचं, पण शाम्पूचं पाणी भरपूर ठेवून. क्ले कोरडा फिरवू नको, आणि खाली पडला तर तो तुकडा फेकून दे.

बोनेटवरचे गोल डाग बोअरच्या पाण्याचे आहेत, याची मला खात्री आहे. पाणी उन्हात सुकतं आणि त्यातला चुना रंगावर राहतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून फडक्याने मिनिटभर ठेव, लगेच धू. पुढच्या वेळी शेवटचा हात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचा मार (ॲसिडचा नाही), त्यात क्षार नसतात. चिकावर आधी कोमट साबणाचं पाणी, मग फडक्यावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. जुना चीक पूर्ण जाईलच असं नाही. घड आणताना डिकीत गोणपाट अंथर आणि कडेवरून लोंबू दे.

टपाची मला जास्त काळजी वाटतेय. तुझ्या अंगणातल्या निंबावर साळुंक्या लिंबोळ्या खायला येतात आणि विष्ठा टाकतात. तिच्यात युरिक आम्ल असतं, पण खरं नुकसान उन्हाने होतं. दुपारी पत्रा तापून क्लियर मऊ होतो, रात्री आक्रसतो, आणि वाळलेल्या विष्ठेच्या आकाराचा वळ त्यात कायमचा राहतो. डागावर पाणी टाकून बघ. ओलं असताना खूण दिसेनाशी झाली, तर ती वरवरची आहे; फाइन कंपाउंड (घासायची बारीक पेस्ट) आणि मशीन पॉलिशने जाईल. ओल्यातही दिसली आणि नख अडकलं, तर खोल आहे. तिथे 2000-3000 नंबरचा वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) लागतो, आणि ते काम थिकनेस गेज, म्हणजे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असलेल्या माणसाकडूनच करून घे. खूण शंभर टक्के जावी असा हट्टही धरू नको. थोडी पुसट राहिली तरी चालेल, क्लियर शिल्लक राहू दे.

कुठे पापुद्रा सुटून निस्तेज पांढरे चट्टे आले असतील, तर तिथे क्लियर मेलाय. त्याला पॉलिश नाही. तेवढाच भाग रंगवायला सांग, टप तर टप. बाकी गाडीला हात लावू देऊ नको.

नंतर रंगाला संरक्षण देणारं वॅक्स किंवा सीलंट लाव, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. कव्हर घालशील तर धुतलेल्या गाडीवरच घाल. धुळीवर घातलेलं कव्हर वाऱ्याने फडफडून गाडीच घासतं. विष्ठा दिसली की ओलं फडकं दोन-चार मिनिटं ठेवून उचल, पुसू नको. गाडीत पाण्याची बाटली आणि मायक्रोफायबरचं फडकं कायम ठेव.

रविवारी गाडी धुऊन टपाचा फोटो पाठव, एक कोरडा आणि एक ओला. कंपाउंड तोवर लावू नको. गॅरेजवाल्याला काय सांगायचं, ते फोटो पाहून कळवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र