फोन उशाशी नको

प्रिय बाळा,

परवा फोनवर म्हणालास, "आई, माझ्यात विल पॉवरच नाही." पहाटे अडीचपर्यंत रील्स, सकाळच्या पेपरची वाट, आणि वर स्वतःलाच शिव्या. तेव्हा मी गप्प बसले, कारण तोंडात आलेलं ऐकवण्यासारखं नव्हतं. (एवढा संयम मला जमला, याची नोंद घे.)

दोन दिवस विचार केल्यावर वाटतं, तुझं निदानच चुकतंय. तुला वाटतं, ज्यांना जमतं ते रोज रात्री मोहाशी कुस्ती खेळून जिंकतात. तसं नसतं रे. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या चिमुरड्यांसमोर खाऊ ठेवला होता. आत्ता खाल्लास तर थोडा, मी येईपर्यंत थांबलास तर जास्त. जी पोरं थांबली, ती खाऊकडे टक लावून मन घट्ट करत बसली नव्हती. कुणी डोळे झाकले, कुणी गाणी म्हटली. आणि खाऊ झाकून ठेवला की मुलं कितीतरी जास्त वेळ थांबायची. निम्मं काम झाकणानेच केलं म्हण ना!

तुझा चार्जर पलंगाच्या डोक्याशी. दिवसभर दमलेला तू, आणि हाताच्या अंतरावर फोन. तिथे कुणाचा निभाव लागेल? माझाही लागला नाही. गेल्या वर्षी मी चार्जर स्वयंपाकघरात नेला आणि साधं गजराचं घड्याळ आणलं. पहिल्या आठवड्यात दोनदा मध्यरात्री उठून तिथे गेले. गार फरशीवर अनवाणी, अंधारात स्क्रीनचा उजेड तोंडावर घेऊन उभी. स्वतःचंच हसू आलं, परत येऊन झोपले.

"आजपासून कमी बघेन" हा बेत नव्हे, ती नुसती इच्छा. "दात घासले की फोन दाराजवळच्या टेबलावर" हा बेत. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी असे 'जर-तर'चे बेत बरेच अभ्यासलेत. क्षण आधीच ठरलेला असला की ऐनवेळी मनाशी वाद घालावा लागत नाही.

आणि "माझ्यात नाहीच" हे आधी सोड. थांबणारी पोरं पुढे आयुष्यात यशस्वी होतात, असं त्या खाऊच्या प्रयोगावरून फार पसरलं. २०१८ साली संशोधकांनी नऊशेहून जास्त मुलांची माहिती तपासली, घरची परिस्थिती हिशेबात धरली, तेव्हा तो संबंध बराच फिका पडला.

माझ्या मनाला मात्र वेगळाच प्रयोग लागला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला, अमेरिकेतल्या रोचेस्टरमधला. काही मुलांना मोठ्या माणसाने "छान रंग आणून देतो" म्हटलं आणि आणले. काहींना म्हटलं, आणि "सॉरी, नाहीयेत" सांगितलं. मग सगळ्यांसमोर तोच खाऊ. ज्यांना शब्द पाळलेला दिसला होता ती सरासरी १२ मिनिटं थांबली, बाकीची जेमतेम ३. ज्यांनी लगेच खाल्लं ती हावरट नव्हती रे. त्यांनी हिशेब बरोबर केला होता.

वाचलं आणि तुझा बुद्धिबळाचा पट आठवला. सहा वर्षांचा होतास. सोंगट्या मांडून बसायचास आणि मी कामातून मान वर न करता म्हणायचे, "दहा मिनिटांत आले." माझी दहा मिनिटं किती वेळा झोपेच्या वेळेपर्यंत लांबली, मोजलं नाही. पुढे तू पट मांडणं सोडलंस. "आत्ता, आत्ताच" म्हणून हट्ट करायला लागलास, तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले, याला धीर म्हणून नाही. सगळा दोष माझ्या माथी मारून तू मोकळा होऊ नकोस, पण माझा वाटा मला ठाऊक आहे.

रविवारी संध्याकाळी सहाला मी फोन करेन. त्याआधी तू करू नकोस, आणि सहा म्हणजे सहाच. बुद्धिबळ फोनवरही खेळता येतं म्हणतात. पांढऱ्या सोंगट्या तू घे.

तुझी,
आई