सुध्यास पत्र

सुध्या,

आपलं ढोल पथक दुसऱ्या पथकात मिसळायचं, या तुझ्या मेसेजला दोन महिने उत्तर नाही दिलं, रागावला असशील, रागव. तब्येत बरी, गुडघा तसाच. काल रात्री इथल्या लिडरहाले सभागृहात कॉन्सर्ट ऐकून चालत घरी आलो आणि म्हटलं हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

इथल्या रेडिओचा, एसडब्ल्यूआरचा ऑर्केस्ट्रा. आता एकच आहे, पण २०१६ पर्यंत दोन होते रे! एक आमच्या स्टुटगार्टचा, दुसरा १९४६ ला बाडेन-बाडेनला निघालेला आणि नंतर फ्रायबर्गचा झालेला. फ्रायबर्गवाल्यांना नव्या संगीताचं वेड, १९६१ मध्ये कंडक्टर रोसबाउडने त्यांच्याकडून लिगेटी या संगीतकाराचं अ‍ॅटमॉस्फेअर्स पहिल्यांदा वाजवून घेतलं, ज्यात ठेका नाही, चाल नाही, नुसता आवाजाचा ढग (तू ‘समेवर या’ म्हणून ओरडला असतास). आणि इकडे स्टुटगार्टला कंडक्टर नॉरिंग्टनने १९९८ पासून तेरा वर्षं व्हायोलिनची थरथर काढूनच टाकली, बोट न हलवता सरळ स्वर लावायचा, बस. पैसे वाचवायचे म्हणून २०१२ ला ठरलं आणि २०१६ ला दोघांचा एक केला. फ्रायबर्गचा कंडक्टर रोत उघड विरोधात होता, आणि २०२५ पासून त्याच एकत्र ऑर्केस्ट्राचा प्रमुख तोच! काल तो समोर उभा होता आणि मी मात्र यातले जुने फ्रायबर्गवाले कोणते ते शोधत बसलो. वाजवलं इतकं सुंदर की कुणी ओळखूच येईना. तेच छळतंय.

कारण तुझा मेसेज. पोरं कमी, ढोल ठेवायला जागा नाही, म्हणून आपलं पथक त्या दुसऱ्या पथकात मिसळायचं. मान्य. पण आपली गावठी, आपला तो ठेका, संथ सुरू होते, ताशा मागून उचलतो, ते पहिल्या टिपरूपासून धावतात. दोन वर्षांनी आपला हात कुणाला आठवेल? ध्वज कुणाचा पुढे? आणि त्या वर्षी माझा ढोल काढून तू मला टोलवर, त्या घंटेवर, उभं केलंस ते मी विसरलेलो नाही, तरी सांगतो, प्रमुख कुणी व्हायचं असेल तर तूच हो, ज्याला नको होतं त्यानेच सांभाळावं. निदान मानाच्या चौकात एकदा तरी आपला हात वाजू दे, ही अट आत्ताच घाल.

नव्या नोकरीचं अभिनंदन, वहिनीला नमस्कार, छोटीच्या दहावीचं कळव. आणि सरावाचं रेकॉर्डिंग पाठव. मोबाईल ढोलांपासून लांब ठेव, मागच्या वेळी नुसता गडगडाट आला, ताशा ऐकूच आला नाही.

तुझा,
बंड्या