कुपवाडच्या काकांना, दारापायी

काका, सा. न.

फाउंड्रीत ३० वर्षं लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठीचे नमुने, केलेल्या माणसाकडे मी खेळण्यातल्या विटांचं कॉम्प्युटरवरचं दार घेऊन आलो, तरी तुम्ही हसला नाहीत. आधी त्याचेच आभार.

भाचीच्या वाड्याचं दार मी एलड्रॉमध्ये काढलं होतं. खेळण्यातल्या विटांची मॉडेलं कॉम्प्युटरवर करायची ही पद्धत ऑस्ट्रेलियाच्या जेम्स जेसिमननं १९९५ साली आणली. तिच्यात ८ मिलिमीटरची २० एककं होतात, म्हणून साधी वीट २४ उंच आणि पातळ प्लेट ८. मापं माझी चोख होती. पण फाइल उघडली की दार पाठीवर पडलेलं, आणि मापाचं शून्य फळीच्या मधोमध. मला ते फार नेटकं वाटलं होतं!

तुम्ही विचारलंत, "आयर्विन पुलाला पाणी चाळीस फूट झालं म्हणतात, ते कुठनं मोजतात रे?" मी गप्प. मग काड्यापेटी टेबलावर उभी केलीत, कडेला टाचणी टोचलीत आणि पेटी तिच्याभोवती फिरवलीत. "दार मधनं फिरतं का लेका? बिजागरीवर शून्य धर. गिऱ्हाईक समोर उभं आहे समज. दार उभं, बंद, तोंड त्याच्याकडं."

एलड्रॉत उंची खालच्या बाजूला वाढते, विटेचं शून्य माथ्यावर असतं आणि स्टड, म्हणजे विटेवरची गोल बटणं, त्याच्याही वर, वजा आकड्यांत. हे सांगताना मलाच कसंतरी होत होतं. तुम्ही म्हणालात, "त्यात काय, विहीर वरनंच मोजतात की."

त्या उत्साहात मी घोळ घातला. घरी जाऊन जुनीच फाइल त्याच नावानं बदलली. मॉडेलमध्ये प्रत्येक भागाची एक ओळ असते: ३ आकडे जागेचे, ९ फिरवण्याचे, आणि सगळे त्या भागाच्या मूळ ठेवणीला धरून. मूळच हललं. भाचीच्या वाड्याची बाराही दारं आडवी होऊन भिंतींतून आरपार निघाली. "मामा, पूर आला का?" तिनं विचारलं.

रात्री साडेदहाला फोन केला, तरी तुम्ही उचललात. "जुना पॅटर्न मोडायचा नसतो. नव्याला नवा नंबर दे." तसंच केलं. वाडा उभा आहे, नवं दार बिजागरीवर फिरतंय.

रविवारी जिना घेऊन येतो. त्याचं तोंड कुठं करायचं, यावर माझं आणि भाचीचं अजून जमलेलं नाही.

तुमचा,
विश्रामबागेतला दारवाला