कॅटलॉग घेऊन बसायचं आहे, विसरू नका

मंडळी, आठवण करून देतेय, या रविवारी संध्याकाळी आपण बियांचे आणि कंदांचे कॅटलॉग घेऊन बसणार आहोत, तर ज्यांच्याकडे जे असेल ते आणा, जुना अंक असला तरी चालेल, फोटो बघत बसण्यात जे सुख आहे ना ते खरंच वेगळंच, त्या डेलियाच्या पानावर तर माझं बोट हमखास थांबतं, काठाला पांढऱ्या होत गेलेल्या गर्द जांभळ्या पाकळ्या, किती बघितलं तरी पोट भरत नाही!

स्वप्नं मनसोक्त बघा, पण फोटोखालचा बारीक मजकूर पण वाचा प्लीज. उंची, दोन रोपांमधलं अंतर आणि ऊन किती लागतं ते तिथेच असतं. झिनिया, कॉसमॉसला रोज निदान ६ तास ऊन हवंच. नावापुढे एफ-१ लिहिलेलं असेल तर ते संकरित बी, त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर फुलं तशीच येतील असं नाही.

प्रत्येकाने आपली यादी लिहून आणा, लांबलचक असली तरी चालेल, बी वाटून घेता येईल.