ड्रायव्हर हाही सुटा भागच

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरातला जुना संगणक प्रिंटर ओळखेनासा झाला की दुरुस्तीवाला, दुकानदार आणि कंपनीची हेल्पलाइन या तिघांकडून बहुधा एकच उत्तर मिळते, ‘आता जुना झाला, नवा घ्या.’ गेल्या महिन्यात मलाही तेच ऐकावे लागले आणि प्रिंटर भंगारात जाता जाता वाचला. त्या निमित्ताने प्रिंटरच्या कंपन्यांबद्दल आणि दुरुस्ती करणाऱ्यांबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटले.

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव आहे. देखभाल खर्चाची बिले आणि सभेच्या नोटिसा मी घरच्याच संगणकावर तयार करतो. हा संगणक २०११ साली जुळवून घेतलेला असून त्यावर विंडोज ७ आहे. संस्थेच्या सगळ्या जुन्या फायली श्रीलिपी या मराठी टंकलेखन सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असल्यामुळे तो बदलण्याचे मी आजवर टाळले. सोबतचा लहान लेझर प्रिंटरही त्याच वर्षीचा. गेल्या महिन्यात हार्ड डिस्क गेली तेव्हा दुरुस्तीवाल्याने एसएसडी, म्हणजे नव्या धाटणीची वेगवान डिस्क, बसवली, रॅम दोन जीबीची आठ जीबी केली, विंडोज ७ नव्याने टाकून दिले आणि ‘आता पळतंय बघा काका’ असे सांगून तो गेला. संगणक खरोखरच पळू लागला, पण प्रिंटर मात्र त्याला दिसेना. पुन्हा फोन केला तेव्हा ‘प्रिंटरचा बोर्ड गेला असणार’ असे निदान त्याने फोनवरच करून टाकले.

बोर्ड गेलेला नाही हे पाहायला मला दोन मिनिटेही लागली नाहीत. संगणकाची केबल काढून ठेवून प्रिंटरवरचे बटण काही सेकंद दाबून धरले की बहुतेक लहान लेझर प्रिंटर स्वतःचे चाचणी पान छापतात. माझ्याही प्रिंटरने ते स्वच्छ छापले. म्हणजे दोष प्रिंटर आणि संगणक यांच्या मधल्या वाटेत होता. यूएसबी केबल लावताच विंडोजचा तो ओळखीचा ‘टुडुंग’ आवाज येतो की नाही, यावरून पुढचा बराच उलगडा होतो. आवाज आलाच नाही तर केबल किंवा पोर्ट तपासावा. आवाज आला, पण प्रिंटर यादीत अनोळखी उपकरण म्हणून बसला, तर केबलला बोल लावण्यात अर्थ नाही, उणीव ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला तो प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामची असते. माझ्याकडे आधी आवाजच येत नव्हता, कारण दुरुस्तीवाल्याने कॅबिनेट परत लावताना केबल पुढच्या पोर्टमध्ये खोचली होती. मदरबोर्डवरच्या, म्हणजे मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये ती लावताच आवाज आला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, ड्रायव्हर नसल्याचे पिवळे उद्गारचिन्ह उमटले.

ड्रायव्हर मिळेना, याचे मूळ त्या वाढवलेल्या रॅममध्येच होते. विंडोज ७ हे ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत येते. ३२ बिटचे चार जीबीपेक्षा जास्त रॅम वापरू शकत नाही, म्हणून दुरुस्तीवाल्याने ६४ बिटचे टाकले. त्यात त्याची चूक नाही, मात्र ते त्याने मला सांगितले नाही. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही, आणि माझ्या जुन्या बॅकअपमध्ये नेमका तोच होता. त्यातून स्वस्तातल्या लेझर प्रिंटरला स्वतःची बुद्धी बेताचीच असते. पानाची आखणी संगणकच करतो आणि ती त्या प्रिंटरच्या भाषेत पोहोचवण्याचे काम ड्रायव्हरचे. त्यामुळे दुसऱ्या मॉडेलचा ड्रायव्हर लावून भागेल अशी आशा ठेवता येत नाही.

कंपनीच्या संकेतस्थळावर माझ्या मॉडेलचे पान होते, पण ‘या उत्पादनासाठी साहाय्य बंद’ एवढ्या एका ओळीखाली ड्रायव्हरची यादी कोरी होती. हेल्पलाइनवरच्या बाईंनी अतिशय सौजन्याने नव्या प्रिंटरवरच्या सवलतीची माहिती दिली. विंडोज अपडेटकडूनही फारशी अपेक्षा नव्हती, कारण मायक्रोसॉफ्टने विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच काढून घेतला आहे. ‘सर्व ड्रायव्हर मोफत’ म्हणणारी अनेक स्थळे दिसली. त्यांच्यापासून वाचकांनी चार हात लांबच राहावे, कारण ड्रायव्हरच्या नावाखाली तिथून काय घरात येईल याचा नेम नसतो. याच कारणासाठी माझा हा संगणक मी इंटरनेटला जोडतच नाही.

शेवटी आमच्याच इमारतीतल्या एका सभासदाकडे त्याच मॉडेलच्या प्रिंटरची मूळ सीडी निघाली. माझ्या संगणकाचा सीडी ड्राइव्ह इतकी वर्षे न वापरल्याने उघडेना, म्हणून पेपरक्लिप सरळ करून पुढच्या बारीक भोकात घातली तेव्हा कुठे तो बाहेर आला. सीडीवर दोन्ही प्रकारचे ड्रायव्हर होते. तरीही पहिला प्रयत्न फसला, कारण केबल आधीच जोडलेली होती आणि विंडोजने ते अनोळखी उपकरण पक्के धरून ठेवले होते. डिव्हाइस मॅनेजरमधून ती नोंद काढली, केबल उपसली, सीडीवरचा प्रोग्राम चालवला आणि ‘आता प्रिंटर जोडा’ अशी सूचना आल्यावरच केबल लावली. जुन्या यूएसबी प्रिंटरांच्या बाबतीत हा क्रम फार महत्त्वाचा आहे आणि घाईत नेमका तोच उलटा होतो. त्या रात्री संस्थेची सगळी बिले छापून झाली.

ती सीडी नसती तर धडधाकट प्रिंटर ई-कचऱ्यात गेला असता. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत प्रिंटर आणि त्यांची कार्ट्रिजेसही येतात आणि विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. पण काही एमबींची एक फाइल संकेतस्थळावरून काढून टाकून चालता प्रिंटर कचऱ्यात ढकलणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाचे पोर्टल सुरू केले तेव्हा शेती अवजारे, मोबाईल व टॅब, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने या चार क्षेत्रांवर भर होता. प्रिंटरसारख्या उपकरणांचाही त्यात स्पष्ट समावेश व्हावा आणि ड्रायव्हर हा पट्टा किंवा रोलर यांच्याइतकाच सुटा भाग मानला जावा, अशी माझी मागणी आहे. नवे ड्रायव्हर लिहा असे कंपन्यांना कोणी सांगत नाही. शेवटचा चालता ड्रायव्हर, ३२ आणि ६४ बिट दोन्ही, संकेतस्थळावर राहू द्यावा, इतकेच म्हणणे आहे. हा प्रश्न पुढे आणखी वाढणार आहे. प्रिंटर कंपन्यांचे ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून पुरवणे टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले असून विंडोज १०चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यापुढे जुन्या संगणकवाल्यांना कंपनीच्या संकेतस्थळाशिवाय दुसरी खात्रीची जागा उरणार नाही.

दुरुस्ती करणाऱ्या तरुणांनाही एक विनंती. विंडोज नव्याने टाकण्यापूर्वी जुने ३२ बिटचे होते की ६४ बिटचे आणि त्याला कोणकोणती यंत्रे जोडलेली आहेत, हे विचारून बिलावर लिहून द्यावे. माझ्या बिलावर ‘सर्व्हिसिंग’ एवढाच एक शब्द आहे.

आपला,
एका गृहनिर्माण संस्थेचा मानद सचिव,
ठाणे