अग्निशमन यंत्रणेच्या देखभालीतील गंभीर हलगर्जीपणाबाबत तक्रार

दिनांक : १८ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
ठाणे शाखा

विषय : दि. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी आमच्या इमारतीत लागलेल्या आगीच्या वेळी अग्निशमन यंत्रणा बंद आढळल्याबाबत.

महोदय,

ठाणे पश्चिम येथील आमच्या चौदा मजली इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेची वार्षिक देखभाल गेली तीन वर्षे आपल्या कंपनीकडे आहे. मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास सातव्या मजल्यावरील एका सदनिकेत आग लागली, तेव्हा या यंत्रणेतील एकही साधन आमच्या उपयोगी पडले नाही. हीच यंत्रणा सुस्थितीत व कार्यरत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र आपण त्याआधी अठराच दिवस, म्हणजे २४ जानेवारी रोजी, आम्हाला दिले होते. संस्थेची सचिव म्हणून आणि त्या दिवशी स्वतः तेथे हजर असलेली रहिवासी म्हणून मी ही तक्रार करीत आहे.

गादीवर चार्जिंगला लावून ठेवलेला मोबाइल तापून गादीने पेट घेतला. घरात शहात्तर वर्षांच्या आजी एकट्याच होत्या. धूर दिसताच त्या बाहेर आल्या आणि त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली, म्हणून त्या सुखरूप आहेत. समोरच्या सदनिकेतील गृहस्थांनी आधी त्या घराचा मेन स्विच बंद केला आणि मग मजल्यावरचा पावडरचा सिलिंडर आणून पिन ओढली. थोडी पावडर नळीच्या तोंडाशी आली आणि तेवढ्यावरच थांबली. दुसऱ्या सिलिंडरमधून तेवढीही आली नाही. तोपर्यंत मी नवव्या मजल्यावरून जिन्याने खाली पोहोचले होते. आम्ही दोघांनी होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेली पाण्याची नळी, ओढून शयनगृहाच्या दारापर्यंत नेली आणि वॉल्व्ह पूर्ण उघडला. हवेचा आवाज आला, गंजाचे लालसर पाणी ठिबकले आणि मग तेही बंद झाले. आग त्या वेळी फक्त गादी आणि पडद्यापर्यंतच होती, आणि पाणी आले असते तर दोन मिनिटांत विझली असती, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. अखेर शयनगृहाचे दार ओढून घेतले, खालच्या फटीत ओल्या चादरी कोंबल्या आणि आम्ही बाहेर पडलो. १०१ क्रमांकावर फोन आधीच गेला होता.

अग्निशमन दलाचा बंब आल्यावर जवानांनी तळमजल्यावरील इनलेटला आपल्या गाडीची नळी जोडून इमारतीच्या उभ्या पाइपमध्ये पाणी चढवले, आणि सातव्या मजल्यावरच्या हायड्रंटमधून, म्हणजे आग विझवण्यासाठीच्या मोठ्या नळातून, लगेच जोरदार पाणी आले. या गोष्टीकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छिते, कारण पाइप मोकळा होता आणि वॉल्व्हही चालू होते, हे तिच्यावरून सिद्ध होते. तळघरातील टाकी भरलेली होती, हे त्याच दुपारी आम्ही जवानांसोबत पाहिले. बंद होता तो फक्त पंप.

पंपाच्या पॅनेलवरील स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर होता. हायड्रंट किंवा होज रील उघडताच पाइपमधील दाब कमी होतो, त्या बदलाने आधी पाइपमधील दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप आणि मग मुख्य पंप आपोआप सुरू होतो, हे यंत्रणा बसवताना आपल्याच अभियंत्यांनी आम्हाला समजावून सांगितले होते. स्विच ‘मॅन्युअल’वर असेल, तर कोणीतरी धावत तळघरात जाऊन बटण दाबेपर्यंत सातव्या मजल्यावरच्या माणसाच्या हातात कोरडी नळीच राहते. दुसऱ्या दिवशी आलेल्या आपल्या तंत्रज्ञाला मी याविषयी विचारले, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की, जमिनीखालच्या लाइनमध्ये कुठेतरी गळती असल्याने जॉकी पंप सारखा चालू-बंद होत होता, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून तो ‘मॅन्युअल’वर ठेवला आहे. त्या तरुणाने खरे सांगितले, त्याबद्दल त्याच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये, अशी माझी विनंती आहे. परंतु गळती शोधण्याऐवजी पंपच निकामी करून ठेवण्याचा निर्णय कोणाचा होता, तो संस्थेला का कळवला नाही, आणि तो माहीत असताना जानेवारीच्या प्रमाणपत्रावर सही कशी झाली, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आम्हाला हवी आहेत.

सिलिंडरच्या बाबतीत आपल्या शाखेतून मला दूरध्वनीवर असे सांगण्यात आले की, मुलांनी खेळताना ते वापरले असावेत. हे खरे नाही. दोन्ही सिलिंडरच्या पिनेवरील प्लॅस्टिकचे सील त्या दिवशी प्रथमच तुटले, आणि दोन्हींच्या दाबमापकाचा काटा लाल पट्ट्यात होता. सील शाबूत असताना दाब गेला असेल, तर तो हळूहळू गळून गेला किंवा सिलिंडर नीट भरलाच नव्हता. दोन्ही बाबतींत तपासणीच्या वेळी नुसता काटा पाहिला असता तरी ते लक्षात आले असते. तरीही दोन्हींना जानेवारी २०२५ची तपासणी चिठ्ठी लावलेली आहे. आगीनंतर कार्यकारिणीने सर्व मजल्यांवरील अठ्ठावीस सिलिंडर पाहिले, त्यांपैकी अकरांचा काटा लाल पट्ट्यात आढळला. भारतीय मानक २१९० प्रमाणे पावडरच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी व्हावी लागते. आमच्या एकाही सिलिंडरवर अशा चाचणीची तारीख दिसत नाही.

प्रवेशद्वारावरील नोंदवहीनुसार २४ जानेवारी रोजी आपला कर्मचारी ११.०५ वाजता आत आला आणि ११.२७ वाजता बाहेर पडला. चौदा मजले, अठ्ठावीस सिलिंडर, चौदा हायड्रंट, तितक्याच होज रील, पंपगृह आणि गच्ची यांची तपासणी बावीस मिनिटांत होऊ शकत नाही. नोंदवहीच्या त्या पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे.

आमच्याकडूनही चुका झाल्या आहेत, आणि त्या लपवून ही तक्रार करणे मला योग्य वाटत नाही. जिन्याच्या आगरोधक दाराला वारा यावा म्हणून वीट लावून ठेवण्याची सवय आमच्या रहिवाशांना होती, काही मजल्यांवर चपलांचे रॅक आणि सायकली होत्या. त्या उघड्या दारातून धूर जिन्यात शिरला आणि वर चढत गेला. अकराव्या मजल्यावरील गृहस्थांना चालता येत नाही. त्यांच्या सुनेने त्यांना जिन्यात न आणता खिडकीजवळ बसवले, दाराच्या फटी ओल्या टॉवेलने बंद केल्या आणि त्यांच्या नाकातोंडाशी ओला रुमाल धरला. २०१८ साली परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली, तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले हेच शेजाऱ्यांना करायला लावले होते, ती बातमी सुनेच्या लक्षात होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या आगीत वाहनतळात पेटलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांपर्यंत गेला आणि माणसांचे प्राण गेले. म्हणून विटा, रॅक आणि सायकली आम्ही १६ फेब्रुवारीपर्यंत हटवल्या आहेत. मात्र सात मजल्यांवरील दारे आपोआप मिटवणारे डोअर क्लोझर तुटलेले आहेत, ते करारानुसार आपल्या तपासणी यादीत असूनही एकाही अहवालात त्यांचा उल्लेख नाही.

या प्रमाणपत्राचे महत्त्व आपल्याला मी सांगावे असे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची असते, आणि दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र अग्निशमन विभागाकडे द्यावे लागते. आम्हाला पंप तपासता येत नाही, म्हणून कायद्याने ते काम परवानाधारकाकडे दिले आहे. आपल्या सहीवर विसंबून आम्ही ते प्रमाणपत्र पालिकेच्या अग्निशमन विभागात सादर केले आणि छप्पन्न कुटुंबांना निर्धास्त राहायला सांगितले. ते सांगणारी मीच होते, आणि याचे मला फार वाईट वाटते.

यासाठी आमची मागणी अशी आहे की, हे पत्र मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत लाइनमधील गळती शोधून दुरुस्त करावी, दोन्ही पंप ‘ऑटो’वर आणावेत आणि कार्यकारिणीच्या समक्ष गच्चीवरील हायड्रंट उघडून पंप आपोआप सुरू होतो का आणि तेथे निदान ३.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब मिळतो का, ते दाखवावे. सर्व अठ्ठावीस सिलिंडरची चाचणी आपल्या खर्चाने करावी. चाचणीसाठी नेलेल्या प्रत्येक सिलिंडरच्या जागी पर्यायी सिलिंडर ठेवल्याशिवाय एकही सिलिंडर इमारतीबाहेर जाऊ दिला जाणार नाही. २४ जानेवारीचे प्रमाणपत्र आपण लेखी मागे घ्यावे, आणि प्रत्यक्ष चाचणीनंतरच नवे द्यावे. चालू वर्षाच्या देखभाल शुल्काचा परतावा, तसेच संबंधित सदनिकेच्या नुकसानीतील आपला वाटा, याबाबत आपण काय ठरवता ते पंधरा दिवसांत कळवावे. सुरक्षारक्षक व रहिवाशांसाठी वर्षातून दोनदा प्रात्यक्षिक घेण्याचे करारात नमूद आहे. तीन वर्षांत ते एकदाच झाले आहे, तेही या निमित्ताने व्हावे.

या मुदतीत कार्यवाही न झाल्यास आपल्याला परवाना देणारे संचालक, महाराष्ट्र अग्निशमन सेवा यांच्याकडे सर्व कागदपत्रांसह तक्रार केली जाईल, आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल. आजींच्या कुटुंबाने आणि कार्यकारिणीने एकमताने तसा ठराव केला आहे.

पंपगृहाची किल्ली सुरक्षारक्षकांच्या केबिनमध्ये आहे. पॅनेलवरील स्विचला आता आपल्या किंवा आमच्या कोणाही माणसाने संस्थेच्या नोंदवहीत कारण लिहून सही केल्याशिवाय हात लावायचा नाही, अशी सूचना तेथे लावली आहे. आपले अभियंते येण्याची तारीख व वेळ एक दिवस आधी कळवावी, म्हणजे मी आणि आणखी दोन सदस्य तेथे थांबू.

आपली विश्वासू,
सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था, ठाणे (पश्चिम)

सोबत : नमुना ब प्रमाणपत्राची प्रत, देखभाल कराराची प्रत, प्रवेशद्वार नोंदवहीच्या पानाची छायाप्रत, पॅनेल व सिलिंडरची छायाचित्रे, कार्यकारिणीचा ठराव.