वकीलताई, आम्हा ३० जूनवाल्यांचे आभार स्वीकारा

आदरणीय वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

सांगलीतल्या ३० जूनला निवृत्त झालेल्या आम्हा शिक्षकांच्या वतीनं हे पत्र लिहितोय. पेन्शनचा फरक आता बहुतेकांच्या खात्यावर जमा झालाय. पण आमचे आभार आहेत ते २०२१ च्या उन्हाळ्यात तुम्ही आम्हाला दिलेल्या वेळेचे.

वार्षिक वेतनवाढ १ जुलैची. वर्षभर पूर्ण काम करून आम्ही ३० जूनला घरी गेलो आणि एका दिवसानं ती वाढ हुकली. (शाळेत १ जून जन्मतारीख लावलेले आमचे मित्र ३१ मेलाच निवृत्त झाले, त्यामुळे त्यांचा हा प्रश्नच नव्हता.) मद्रास उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये अशाच एका निवृत्ताच्या बाजूनं निकाल दिला होता. आपणही कोर्टात जायचं हे ठरलं होतं. कधी जायचं, यावर मात्र आमच्यात फूट पडली होती.

कोरोनाची दुसरी लाट होती. घराघरात कुणी ना कुणी आजारी. काहीजण म्हणत, माणूस राहतोय की जातोय तिथं कोर्ट कसलं! दुसरे म्हणत, आम्ही सत्तरीकडं आलो, आमच्याकडं थांबायला वेळ कुठाय? दोघांचंही खरं होतं.

तुम्ही कुणालाच घाबरवलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं १५ मार्च २०२० पासून मुदतीचा काळ मोजायचा थांबवलाय, त्यामुळे तारीख उलटली म्हणून दार बंद होणार नाही, हे आधी सांगितलंत. मग दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडलीत. पेन्शनच्या दाव्यात फरक साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या मागच्या तीन वर्षांचाच मिळतो, म्हणून थांबलेला प्रत्येक महिना आपल्याच खिशातून जातो. तुमचं एक वाक्य आम्ही अजून एकमेकांना सांगतो : "याचिका आत्ता टाका, सुनावणीची घाई करू नका." दाखल करणं आणि लढणं या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कुणालाही मुंबईला नेलं नाहीत. वकीलपत्रांवर सह्या दारातूनच घेतल्या. ज्यांनी नको म्हटलं, त्यांना परत विचारू नका, अशी आम्हाला ताकीद दिलीत. सेवापुस्तकाचे, पीपीओचे (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचे) फोटो पावसाआधी काढून घ्या, असा आग्रह धरलात, कारण २०१९ च्या महापुरात अनेकांचे कागद भिजले होते. जुलैत कृष्णा पुन्हा घरात शिरली तेव्हा आमचे कागद तुमच्याकडं पोचलेले होते.

पुढं ११ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं ही वेतनवाढ निवृत्तांचा हक्क मानली. २० फेब्रुवारी २०२५ च्या आदेशानं, त्या निकालाआधी याचिका केलेल्यांना दाखल केलेल्या महिन्यामागची तीन वर्षं मिळाली, बाकीच्यांना १ मे २०२३ पासून पुढचंच. आमच्यातले एक गुरुजी तोवर गेले होते. त्यांच्या पत्नीला वारस म्हणून लावून घ्यायचं काम तुम्ही न सांगता केलंत. काकूंनी तुम्हाला आवर्जून नमस्कार सांगितलाय.

दोघांचा हिशेब अजून चुकीचा आलाय. त्यांचे तक्ते सोमवारी पाठवतो, जमेल तेव्हा नजर टाका.

आपले,
३० जूनवाले, सांगली